कळसूबाईच्या शिडीवर दीड तास, आणि वाटेवरचा वर्धनगड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की सोलापुरात मोबाइलवर एकच जाहिरात फिरू लागते : शनिवारी रात्री निघा, रविवारी महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर सर करा, सोमवारी सकाळी कामावर हजर व्हा. गेल्या वर्षी श्रावणात मीही अशाच एका बसने गेले. सोबत सातवीतली लेक आणि शाळेतल्या दोघी मैत्रिणी. सात रस्त्यावरून रात्री निघालो, पहाटे कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावात पोचलो, तेव्हा आमच्यासारख्या बसगाड्यांची रांग गावाबाहेरपर्यंत लागलेली होती.

वरच्या एका लोखंडी शिडीपाशी आम्ही दीड तास उभ्या होतो. चढणारे आणि उतरणारे एकाच शिडीवर. कठडा पावसाने आणि शेकडो हातांच्या चिखलाने बुळबुळीत झालेला, खाली धुकं, मागून ढकलाढकली. लेकीने माझ्या ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. तिला भीती वाटतेय का, हे विचारायचंही मला धाडस झालं नाही, कारण मलाच वाटत होती. एवढ्यात रांगेला कंटाळून पंधरावीस तरुण शेजारच्या उतारावरून गवत धरून चढू लागले. आमच्या डोळ्यांदेखत एकाच्या हातात गवताचा झुबका मुळासकट आला. त्याच्याबरोबर ओंजळभर माती सुटली आणि खाली काळा खडक उघडा पडला. एवढीच माती होती तिथे, वीतभरसुद्धा नाही.

त्या ओंजळभर मातीसाठीच हे पत्र लिहिते आहे.

कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. पण हा डोंगर १९८६ साली जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, हे आमच्या बसमधल्या बहुतेकांना ठाऊक नव्हतं. सह्याद्रीच्या काळ्या खडकावर, म्हणजे बेसाल्टवर, मातीचा थर आधीच पातळ. पावसात पायवाट चिखलाची झाली की माणूस कडेच्या गवतावर पाय देतो. गवत तुडवलं गेलं की मुळं सुटतात, पुढच्या सरीत माती वाहून जाते आणि वाटेची घळ होते. मग पुढचा माणूस आणखी कडेने चालतो. एका माणसापुरती असलेली वाट बैलगाडी जाईल एवढी रुंद होते ती अशी. कारवीसारखं झुडूप सात-आठ वर्षं वाढतं, एकदाच फुलतं आणि बी टाकून मरतं. ते बी रुजायला पायाखाली न आलेली जमीन लागते, आणि आपण तिथे दर रविवारी हजारोंनी उभे असतो. भंडारदऱ्याला काजव्यांच्या दिवसांत हेच होतं. पुष्कळ माद्या जमिनीलगत गवतात असतात, आणि अंधारात त्यांच्यावरूनच लोक चालतात.

बारीच्या माणसांवर माझा काडीचाही राग नाही. सरबत, भजी, मक्याची कणसं विकून त्यांच्या घरात चार पैसे येतात. कळसूबाई ही त्यांची देवी आहे, नवरात्रात तिची यात्रा भरते. डोंगर बंद करा, असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं फक्त आपल्या सोलापूरकरांपुरतं आहे. जवळजवळ चारशे किलोमीटर रात्रभर बसमध्ये अवघडून जायचं, शिडीवर ताटकळायचं, देवळाशेजारी फोटो काढायचा आणि पुन्हा रात्रभर परत यायचं, यात डोंगर कुठे भेटला?

दिवाळीनंतर लेक म्हणाली, आपण दुसरीकडे जाऊ. सोलापूर-सातारा एसटी पंढरपूर, म्हसवड, गोंदवले, दहिवडी, पुसेगाव करत जाते. पुसेगाव सोडलं की रस्त्याला लागूनच वर्धनगड आहे. महाबळेश्वरला जाताना मी त्याच्या पायथ्यावरून किती वेळा गेले असेन, पण खिडकीतून ‘हा कुठला डोंगर?’ एवढंच मनात यायचं आणि डुलकी लागायची. या वेळी तिथे उतरलो.

गाव गडाच्या पायाशीच आहे. अर्ध्या-पाऊण तासाची चढण, रमतगमत केली तरी दमछाक होत नाही. दरवाजा गोमुखी, म्हणजे तटबंदीच्या वळणात असा दडवलेला की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. लेकीने तो शोधला तेव्हा ती ओरडलीच. शिवाजी महाराजांनी १६७३-७४ च्या सुमारास हा गड बांधला, आणि तट अजून बराचसा उभा आहे. वर वर्धनीमातेचं देऊळ. तटावर बसून आम्ही कडक भाकरी आणि शेंगाची चटणी सोडली. भाकरी मोडल्याचा आवाज ऐकू येईल एवढी शांतता होती. खाली पिवळं पडलेलं गवत, त्यात मेंढरांचा एक कळप, आणि पलीकडे महादेव डोंगररांगेचे एकामागे एक उतरत गेलेल्या सोंडा. उतरताना गावातले एक आजोबा भेटले. कुठनं आलात, म्हणाले. सोलापूर म्हटल्यावर हसले : “सोलापूरची मानसं खालनं जात्यात की रोज. वर कोन येत न्हाई.”

ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. आपल्या दारातली डोंगररांग आपणच ओलांडून जातो. त्याच रस्त्यावर दहिवडीच्या पुढे महिमानगड आहे. खटाव तालुक्यात सपाटीवर एकटाच उभा असलेला भूषणगड आहे, वर हरणाईदेवीचं देऊळ. फलटणकडे ताथवड्याचा संतोषगड, माणमध्ये वारूगड. आणि शिखर शिंगणापूर तर आपलंच. सोलापूर जिल्ह्यातली किती घराणी शंभूमहादेवाला कुलदैवत मानतात! चैत्रात द्वादशीला कावडी मुंगी घाटाने चढतात तेव्हा माणसं एकमेकांना हात देत, दोर लावून, खांद्यावरची कावड वर नेतात. डोंगर चढायची आपल्या मुलखाची जुनी रीत बघायची असेल तर ती तिथे आहे. वर मालोजीराजांनी बांधलेला तलाव आहे. यात्रा सोडून एरवी गेलं तर घाटाची पायवाट निवांत मिळते.

ज्यांना एवढाही पल्ला नको त्यांनी येडशीचं रामलिंग पाहावं. सोलापूरहून दोन तासांत पोचता येतं. बालाघाटाच्या कुशीतलं अभयारण्य आहे, पावसाळ्यात धबधबा असतो, लहान मुलांना चालायची पहिली सवय लावायला याच्यासारखी जागा नाही. माकडांना मात्र काही खाऊ घालू नये. ती मग पिशव्या ओढतात, आणि दोष त्यांचा नसतो.

आणि सह्याद्रीच हवा असेल, तर कळसूबाईच्याच अकोले तालुक्यात पट्टा किल्ला आहे. १६७९ साली जालन्याच्या स्वारीहून परतताना महाराज इथे विसावले, म्हणून तो विश्रामगड. चढण सोपी, माथा विस्तीर्ण, आणि समोर कळसूबाई आख्खी दिसते. शिखरावर उभं राहून ती कधीच अशी दिसत नाही. सरावलेल्यांसाठी नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणातला साल्हेर आहे, १५६७ मीटर, राज्यातला सर्वांत उंच किल्ला. पण २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत तोही आहे, तेव्हा तिथेही आता बसगाड्या लागतील, याची मला धास्ती वाटते.

खरं तर हीच धास्ती या पत्राबद्दलही आहे. उद्या वर्धनगडावर पन्नास-पन्नासच्या टोळ्या स्पीकर घेऊन गेल्या तर मीच त्याला कारण ठरेन. म्हणून हात जोडून सांगते : सहा-आठ जणांनी जावं, जमलं तर आडवारी जावं. जेवण गावात एखाद्या घरी आधी सांगून घ्यावं, म्हणजे पैसा गावात राहतो. प्लास्टिक, अगदी चॉकलेटचा कागदसुद्धा, परत पिशवीत आणावा. या गडांवर सावली जवळजवळ नाही, त्यामुळे दिवाळी ते शिवरात्र हाच आपला हंगाम. त्यानंतर जायचंच तर उजाडायच्या आत चढावं आणि दर माणशी किमान तीन लिटर पाणी घ्यावं.

ट्रेक नेणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे की एका बसऐवजी दोन आणि दोनऐवजी तीन असं करण्यापेक्षा ठिकाणं वाढवा. मुख्याध्यापकांनाही सांगणं आहे. सहलीच्या अर्जात किल्ल्याचा रकाना असतो, तिथे दरवर्षी तीच चार नावं नकोत.

संपादक महाशय, आपल्या दैनिकात दर पावसाळ्यात ‘सोलापूरच्या तरुणांनी कळसूबाई सर केली’ अशी छायाचित्रं येतात. त्याऐवजी रविवारच्या पुरवणीत एक लहानशी चौकट द्या : या आठवड्यात कुठला गड, कुठली एसटी, कुठे उतरायचं, वर पाणी आहे की नाही. पहिल्या चौकटीसाठी महिमानगडाची माहिती मी लेकीकडून लिहून घेऊन पाठवते. येत्या रविवारी सकाळच्या सातारा गाडीने आम्ही तिथेच निघालो आहोत.

आपली,
एक शिक्षिका, सोलापूर