वाटी बदलण्याआधी

चि. पंकज यास आईचे अनेक आशीर्वाद.

काल फोन मीच आपटला. नाना म्हणाले, पोऱ्याचं काय चुकलं? काहीच नाही. पण रात्रपाळी करून तसाच गाडीत बसशील, पहाटे कन्नडचा घाट उतरशील आणि आम्हाला घेऊन माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला नाशिकला जाशील, हे मला मान्य नाही. आम्ही चाळीसगावहून रेल्वेने येऊ. तू पुण्याहून सरळ नाशिकला ये. विषय संपला.

ऑपरेशन रोबोट लावून करणार, पण त्याची मला भीती नाही. मला वाटायचं, अख्खी वाटी काढून नवी बसवतात. तसं नाही. हाडांची झिजलेली टोकं तासतात, त्यांवर धातूची टोपी आणि मध्ये प्लास्टिकची गादी. आधी सीटी स्कॅनवरून माझ्याच गुडघ्याचा नकाशा कॉम्प्युटरवर काढतात. मग मांडीच्या आणि नडगीच्या हाडात पिना रोवून खुणा लावतात, कॅमेरा त्या बघत राहतो. करवत डॉक्टरांच्याच हातात. रोबोट ती फक्त आखलेल्या हद्दीबाहेर जाऊ देत नाही. नाना लगेच म्हणाले, "आमचा मुलगा चाकणला असल्याच मशीनवर आहे." डॉक्टरांनी विचारलंही नव्हतं. मी आपली पदर सारखा करत बसले. हद्द आली की थांबणारं असं काही गाडीला बसवता येत नाही का रे?

डॉक्टर खरं बोलले, ते आवडलं. रोबोटने माप नेमकं येतं, पण पुढे चालताना हाताने केलेल्यात आणि याच्यात फार फरक दिसेलच असं नाही. म्हणजे तू जादाचे पैसे भरतोस ते... जाऊ दे. बेबीमावशीचा साधाच केलेला, व्यायाम चुकवत नाही म्हणून चालते. मलाही दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं करणार आहेत, आणि पडल्या पडल्या घोटे हलवत राहायचं, रक्ताची गाठ होऊ नये म्हणून.

मला खटकतं ते एकच. उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही. कानबाईच्या सणाचे रोट काय खुर्चीवर बसून करू? तू लहान असताना चुलीवरच्या खापरासमोर माझ्या मांडीतच झोपायचास. शेवटचा मांडा उतरेपर्यंत पाय हलवता यायचा नाही, मुंग्या यायच्या. नाना म्हणायचे, उचलून खाली ठेव. नाही ठेवलं.

2021 च्या ऑगस्टअखेर दरडी कोसळल्या तेव्हा अण्णामामा त्या कन्नडच्या घाटात रात्रभर होते, विसरलास? आणि तुझं पोट बघ. वजन वाढलं की पहिलं गुडघ्यावर येतं. जेवायच्या वेळा नाहीत, झोप नाही, वैशाली किती सांगणार... झालं, सुरू झालं माझं पुराण. रागावू नकोस. दोन ड्युट्या करून पैसे जमवलेस, हे मी गल्लीत सगळ्यांना सांगितलंय. तुलाच सांगायचं राहिलं.

स्टेशनच्या पुलाची काळजी करू नकोस. तास आधी निघू, एकेक पायरी चढेन, पिशव्या नाना घेतील.

तरी तू ऐकणार नाहीसच. मग निदान झोप काढून, उजाडल्यावर निघ. घाट उतरलास की फोन कर. मी जागीच असेन.

तुझी,
आई

ता. क. कालच्या भांडणाचं वैशालीला सांगू नकोस. कळण्याचं पीठ दळून ठेवलंय, तिच्यासाठी.