दुपारचं काम बंद : आई-बाबांना पत्र

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, ठरलंय ते आधी सांगते, दुसऱ्याकडून कळायला नको. या उन्हाळ्यापासून आपल्या शेतात उक्तं, म्हणजे अख्ख्या कामाचे पैसे आधी ठरवून, काम द्यायचं नाही. सगळ्यांना रोजाने लावायचं. पहाटे सुरुवात, अकराला सुट्टी, उरलेलं उन्हं कलल्यावर. दुपार रिकामी गेली म्हणून कुणाचा रोज कापायचा नाही, जास्तीचे पैसे मी देणार. मुकादमाशी बोलून झालंय. आणि तुम्हीही दुपारी बांधावर जायचं नाही. न विचारता केलं म्हणून राग येईल, पण विचारलं असतं तर तुम्ही ‘बघू’ म्हणाला असता आणि हंगाम सरला असता.

उक्त्यावर माणूस पाणी प्यायलाही थांबत नाही, हे तुम्हीच मला दाखवलंत. राबताना शरीर आतूनच तापतं. ते निवायचं ते मुख्यतः घाम वाळूनच. हवा दमट असली की घाम नुसता ओघळतो, आणि आतला ताप 40 अंशांवर गेला की उष्माघात. आता रात्रीही तापतात, त्यामुळे अंग निवायच्या आतच दुसरा दिवस उगवतो. ‘जन्मभर उन्हातच राबलो’ हे खरंच आहे बाबा, पण ते ऊन हे नव्हतं. 2024 हे नोंदी सुरू झाल्यापासूनचं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. उष्णतेमुळे 2030 मध्ये जगभर कामाचे जेवढे तास बुडतील, त्यांतले 60 टक्के शेतीतले असतील, असा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 2019 चा अंदाज आहे. मध्य अमेरिकेत तर ऊस तोडणाऱ्या धडधाकट तरुणांची मूत्रपिंडं निकामी झाली, ना मधुमेह ना रक्तदाब. उन्हातली ढोरमेहनत आणि अंगातलं पाणी आटणं हे त्यामागचं एक मोठं कारण मानतात. ते वाचताना मला तुमच्या सदऱ्याची पाठ दिसत होती, वाळलेल्या घामाच्या पांढऱ्या रेघांची.

आई, मला ऊन लागलं की तू पदर भिजवून मानेवर ठेवायचीस आणि वारा घालत बसायचीस. किती बरं वाटायचं गं! डॉक्टर आजही हेच सांगतात : अंग ओलं करा, वारा घाला. कुणी बरळायला लागलं, झोकांड्या गेल्या, तर आधी सावलीत नेऊन हेच कर आणि लगेच दवाखान्याची गाडी बोलव. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नकोस.

मागच्या खोलीत नवा पंखा बसवायला माणूस येईल. छपराला पांढरा रंगही लावून घेते, खोली कमी तापेल. दुपारी तिथेच पडा दोघं.

आता ऐका. वयानुसार तहान कळेनाशी होते, म्हणून तहानेची वाट बघायची नाही. काम चालू असेल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, मजुरांनाही. नवीन आलेल्याला पहिल्या दिवशी पुरं काम सांगायचं नाही, अंगाला ऊन सवयीचं व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. फवारणी उजाडतानाच उरकायची. बाबा, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवीवाटे पाणी जातं. तुमची त्यातली आहे का ते डॉक्टरांना विचारा, मनाने बंद करू नका.

पिकाचं, पाण्याचं, बियाण्याचं सगळं तुम्हीच ठरवा, मी मध्ये बोलणार नाही. एवढं एक माझं ऐका. रोज दुपारी घरच्या फोनवर फोन करीन. आई, बाबांनाच उचलू दे.

तुमची,
धाकटी