मागे ट्रेलर, पुढे उतार

लव्हलँड, कोलोरॅडो
रविवार, रात्र

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी तीनदा विचारलं, "नवी गाडी कशी आहे?" आणि मी तिन्ही वेळा "छान आहे" म्हणून विषय संपवला. मागे पोरांचा दंगा चालला होता. पण 'छान' म्हणून उरकण्यासारखी ही गोष्ट नाही. आता दोघं झोपलीत, म्हणून निवांत लिहायला बसले. आई, इंजिनाचं तुला कंटाळवाणं वाटलं तर तेवढं बाबांना वाचू दे. तुझ्यासाठीचं पुढे लिहिलंय, ते मात्र तू स्वतः वाच.

गाडी रॅम २५०० आहे. इथे पिकअपना अजून जुन्या हिशेबाचीच नावं चालतात : अर्धा टनी, पाऊण टनी, एक टनी. पूर्वी पाठीवर तेवढंच वजन घ्यायच्या. आता कितीतरी जास्त घेतात, पण नावं तीच राहिली. आमची आधीची अर्धा टनी, ही पाऊण टनी. आधीची चांगली चालत असताना बदलली कशाला, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या मनात आलं असणार. तर ऐका.

जाहिरातीत गाडी किती ओढते याचा आकडा मोठ्या अक्षरात असतो. खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एका छोट्या स्टिकरवर असतो : माणसं आणि सामान धरून गाडीच्या अंगावर एकूण किती वजन चालेल तो. आधीच्या गाडीचा होता १,४८० पाउंड. (पाउंड म्हणजे अर्ध्या किलोला थोडं कमी.) आता आमचा हिशेब बघा. आमच्या राहायच्या ट्रेलरचा दांडा गाडीमागच्या जोडावर, म्हणजे हिचवर, टेकतो त्याचे ८७०, आम्ही चौघं मिळून ५२०, सामान २५०. झाले १,६४०. म्हणजे दोन वर्षं आम्ही जास्तीचं वजन घेऊन हिंडत होतो आणि मला पत्ता नव्हता. गेल्या ऑक्टोबरात वायोमिंगहून परत येताना वेलिंग्टनजवळ आडवा वारा लागला. तिथे माळावर अडवायला झाड नाही की टेकडी नाही. ट्रेलर डोलायला लागला, त्याच्याबरोबर गाडीची मागची बाजू हलायला लागली. मी गाडीचा ब्रेक न दाबता फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताने लावला आणि ट्रेलर सरळ झाला. चार-पाच सेकंदांचाच खेळ, पण मागे पोरं होती. त्या रात्री दार उघडून टॉर्चच्या उजेडात तो स्टिकर वाचला आणि तेव्हाच ठरवलं.

नव्या गाडीच्या स्टिकरवर २,१४० आहे. आमचे १,६४० जाऊन ५०० उरतात, म्हणजे तुम्ही दोघं आरामात बसता. हे मी घेण्याआधीच मोजलं होतं.

आता इंजिन. ६.७ लिटरचं, एका ओळीत सहा सिलिंडर, कमिन्सचं. बाबा, कर्वेनगरच्या कमिन्स कॉलेजात मला सोडायला आला होतात, तेव्हा फाटकावरचं नाव वाचून तुम्ही म्हणाला होतात, "हे तर इंजिनवाले!" त्यांचंच हे. पुण्यात कोथरूडला किर्लोस्करांबरोबर ते १९६२ मध्ये आले. मूळ गाव इंडियानातलं कोलंबस. या पिकअपमध्ये त्यांचं इंजिन १९८९ पासून बसतंय. ताकद ४३० हॉर्सपॉवर. आपल्या महिंद्रा ५७५ ट्रॅक्टरची ४५ होती आणि त्यावर आपलं घर चाललं, माझं शिक्षण झालं. हा आकडा लिहिताना थोडा वेळ हात थांबला. परवा फोन गाडीजवळ धरून तुम्हाला आवाज ऐकवला, तर तुम्ही लगेच म्हणालात, "मोकळा आवाज आहे, दम आहे." पहिल्यांदा चावी फिरवली तेव्हा मलाही हेच वाटलं होतं. थंड असताना ठोके जरा कडक येतात, मग मिनिटभरात लय लागते.

आणखी एक तुम्हाला आवडेल असं : या गाडीला युरिया लागतो! शेतातला नव्हे, शुद्ध युरिया पाण्यात ३२.५ टक्के विरघळवलेला तयार मिळतो, तो वेगळ्या टाकीत भरायचा. तो धुराच्या नळीत फवारला जातो आणि धुरातले विषारी वायू कमी होतात. आपल्याकडच्या नव्या ट्रकांनाही लागतो, गावात कुणाकडे असेल तर विचारा.

पहिली मोठी फेरी आयसेनहॉवर बोगद्यातून डिलनच्या तलावाकडे केली. बोगद्याचं पश्चिमेकडचं तोंड ११,१५८ फुटांवर आहे, कळसूबाईच्या दुपटीहून उंच. इतक्या वर हवा विरळ, साधं इंजिन तिथे धापा टाकतं. याला टर्बो आहे, तो हवा कोंबून भरतो, त्यामुळे चढ कधी संपला ते कळलंही नाही. चढाबद्दल एवढंच.

खरी गाडी कळली ती बोगद्याच्या पलीकडे. बाहेर पडताच सात टक्क्यांचा उतार लागतो, मैलोन्‌मैल. ज्या ट्रकांचे ब्रेक तापून निकामी होतात त्यांच्यासाठी रस्त्याच्या कडेला खडीचे चढ करून ठेवलेत. त्यात ट्रक घुसवायचा आणि रुतवून थांबवायचा. ते बघूनच हाताला घाम येतो. मी एक्झॉस्ट ब्रेक लावला. म्हणजे धूर बाहेर जायची वाट टर्बोमधल्या पात्या आवळून अरुंद करतात, धूर तुंबतो, आणि तेच इंजिन आता गाडीला मागे धरून ठेवतं. खालून घर्रर्र असा जड आवाज आला, काटा पन्नास मैलांवर आला आणि तिथेच राहिला. मी ब्रेकवरचा पाय काढला होता. सात टनांचं सगळं मिळून आमचं वजन, आणि गाडी बैलाने खाली मान घालून उतरावं तशी उतरत होती.

बाबा, तेव्हा मला खिंड आठवली.

मी चौथीत असेन. जानेवारीतली रात्र, उसाच्या दोन ट्रॉल्या मागे, १५-१६ टन माल, आणि मी हट्टाने मडगार्डवर बसलेली. ट्रॉल्यांना ब्रेक नाहीत. ट्रॅक्टरचा ब्रेक जोरात मारला तर मागची ट्रॉली ढकलणार, पुढची आडवी येणार. तुम्ही खिंडीच्या तोंडावर थांबलात, लो गिअर टाकलात, क्लचवरचा पाय काढून बाजूला ठेवलात आणि मला म्हणालात, "एकोणतीसचा पाढा म्हण बघू, मोठ्यानं." मी म्हणत राहिले. पूल आला तेव्हा तुमचा सदरा पाठीला चिकटला होता, कडाक्याच्या थंडीत. मला वाटलं, इंजिनाची धग लागली असेल. चढायचं ज्या गिअरात, उतरायचं त्याच गिअरात, हे तुमचं वाक्य मी शाळेतल्या कवितेसारखं पाठ केलं होतं. अर्थ त्या दिवशी बोगद्याच्या पलीकडे कळला. तुम्ही प्रत्येक हंगामात, कित्येक रात्री, दोन-दोन खेपा ते करत होतात. आणि आई, तू दिवा न मालवता बसायचीस. लांबून ट्रॅक्टरचा आवाज आला की मगच चुलीवर तवा टाकायचीस. मला वाटायचं, तुला झोप कमी लागते.

इथे ट्रेलर जोडायलाच मला पंधरा मिनिटं लागतात, आणि ती मी कुणाला कमी करू देत नाही. आधी हिचच्या गोळ्यावर, म्हणजे बॉलवर, दांडा बसवायचा, खिटी लावायची, मग जॅकने दांडा वर उचलून बघायचा : गाडीची मागची बाजू सोबत उठली तर नीट बसलाय. दोन साखळ्या दांड्याखालून फुलीसारख्या एकमेकींवरून घ्यायच्या, म्हणजे दांडा निसटलाच तर रस्त्यावर न आपटता त्या झोळीत पडतो. मग सात पिनांची वायर. ट्रेलरच्या प्रत्येक चाकाला विजेवरचा ब्रेक आहे, गाडीचा ब्रेक दाबला की तेही लागतात. आणि शेवटी एक बारीक तार. सगळंच तुटून ट्रेलर वेगळा झाला तर ती तार खटका ओढते आणि ट्रेलर स्वतःच्या बॅटरीवर स्वतःला थांबवतो. ही तार अडकवताना दर वेळी वाटतं, आपल्या ट्रॉल्यांना असलं काही का नव्हतं? नुसती एक पिन. कारखान्याच्या रस्त्यावर दरवर्षी कुणी ना कुणी जायचं. गावात या हंगामात ज्यांनी नवी ट्रॉली घेतली असेल, त्यांना निदान मागे रिफ्लेक्टर तरी लावायला सांगा. बाबा, तुमचं ऐकतील.

रिव्हर्सचं सांगायचं राहिलं. तलावाकाठच्या जागेत दोन झाडांच्या मधून ट्रेलर मागे घालायचा होता. गाडीत कॅमेरे आहेत, पण मी आरशात बघून घेतला, तुमच्या पद्धतीने : ट्रॉली जिकडे न्यायची त्याच्या उलट स्टिअरिंग, थोडं थोडं, आणि चुकलं की हट्ट न करता पुढे येऊन परत. दुसऱ्या खेपेला बसला. तुमचे जावई मागे उभे राहून हात हलवत होते, त्यांनी मग थेट टाळ्याच वाजवल्या.

अडचणीही आहेत. गाडी वीस फूट लांब, बाजारातल्या पार्किंगमध्ये मला लांब टोकाला लावावी लागते. ट्रेलर मागे असला की लिटरला पाच किलोमीटरही मिळत नाहीत. रिकामी असताना खड्ड्यातून जरा उडते, मागच्या स्प्रिंगा कडक आहेत ना.

आई, आता तुझं. गाडी उंच आहे, म्हणून तुझ्या बाजूला बाहेर येणारी पायरी बसवून घेतली आहे, आणि धरायला आत मूठ आहेच. मी स्वतः गुडघा न वाकवता चढून बघितलं, जमतं. ट्रेलरमध्ये मागच्या बाजूला तुमचा पलंग, त्याला लागूनच संडास. रात्री कंदील घेऊन कुठे जायला नको, अनोळखी हॉटेलात राहायला नको. तीन शेगड्यांचा गॅस आहे. तवा आणि परात मी घेतली आहे, ज्वारीचं पीठ डेन्व्हरला मिळतं. मागच्या वेळी आलात तेव्हा, "लांबचं काही नको, पाय धरतात," म्हणून तुम्ही महिनाभर घरातच बसलात, ते माझ्या मनातून गेलेलं नाही. पुढच्या मेमध्ये या. रोज दोन-तीन तासांच्या वर चालवायचं नाही, दुपारी थांबायचं, तू सांगशील तिथे.

बाबा, सोबत एक पावती पाठवते आहे. इथे हमरस्त्यावर ट्रकवाल्यांचे वजनकाटे असतात, पैसे भरून कुणीही वजन करू शकतं. पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलर वेगवेगळं मोजून देतात : ४,६२०, ४,८८०, ६,३४०, एकूण १५,८४० पाउंड. तुम्ही कारखान्याच्या काट्याची प्रत्येक पावती घरी आल्यावर पेन्सिलने पुन्हा मांडून बघायचात. हीही बघा. आणि एक सांगा : ट्रेलरची पाण्याची टाकी पुढच्या बाजूला आहे, ती भरून निघू की रिकामी? भरली तर दांड्यावरचं वजन वाढतं, रिकामी ठेवली तर वाऱ्यात ट्रेलर हलका होतो. मी अर्धी भरते. तुमचं काय म्हणणं आहे ते बुधवारी फोनवर सांगा.

तुमची,
थोरली