आयपी ठेवा, टीसीपी सोडा

माननीय संपादक,

छोटा उपग्रह बनवू पाहणाऱ्या बडोद्यातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना कळकळीची विनंती : जमिनीशी बोलण्यासाठी स्वतःची पॅकेट-पद्धत (माहिती छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत, पाठवण्याची रीत) घडवण्यात महिने घालवू नका. बाजारातले नेटवर्किंग अवकाशात चालते, हे सिद्ध होऊन दोन दशके उलटली.

२७ सप्टेंबर २००३ रोजी सुटलेल्या ब्रिटनच्या यूके-डीएमसी उपग्रहात सिस्कोचा मोबाइल राउटर होता. किरणोत्सर्ग सोसणारे खास भाग त्यात नव्हते. निर्वातात गळतील असे ओले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर काढून कोरडे बसवले, घड्याळाची बॅटरी काढली, सॉकेटऐवजी तारा थेट सोल्डर केल्या. कथिलाला बारीक केस फुटून शॉर्ट होतो, म्हणून सोल्डर शिसेयुक्त वापरले. हवाच नसल्याने पंख्याचा उपयोग नाही. प्रोसेसरची उष्णता धातूतून चौकटीत उतरवली. राउटर सुमारे १० वॅट खाई, त्यामुळे तो कामापुरताच चालू करत.

त्या उपग्रहाची छायाचित्रेही आयपी, म्हणजे इंटरनेटवर पत्त्यानुसार पॅकेटे पोहोचवणाऱ्या नियमावलीच्या पॅकेटांतूनच येत; त्याखालच्या थरात फ्रेम रिले आणि एचडीएलसी या जमिनीवरच्याच नेटवर्क-पद्धती होत्या. जमिनीवरच्या केंद्रात त्यामुळे नेहमीचा राउटर पुरला.

अडते ते टीसीपीवर, म्हणजे आयपीवर चालणाऱ्या आणि पॅकेटे मिळाल्याची पोच मागणाऱ्या पद्धतीवर. त्या उपग्रहाची डाउनलिंक (उपग्रहाकडून जमिनीकडे) सेकंदाला ८.१ मेगाबिट, अपलिंक (जमिनीकडून उपग्रहाकडे) मात्र ९,६०० बिट, म्हणजे १,२०० बाइट. एक पोच ४० बाइटांची धरली तर सेकंदाला ३० पोचा. दर दोन पॅकेटांमागे एक पोच आणि पॅकेट १,५०० बाइटांचे, म्हणजे वेग ०.७२ मेगाबिटवर अडकतो. उपग्रह नजरेच्या टप्प्यात असतो जेमतेम दहा-बारा मिनिटे, आणि त्यातली नऊ-दशांश क्षमता वाया! शिवाय पॅकेट हरवले की टीसीपी गर्दी समजून हात आखडतो. इथे गर्दी नसते, सिग्नल क्षीण झालेला असतो. म्हणून हा उपग्रह बांधणाऱ्या सरे कंपनीने यूडीपीवर (पोच न मागता आयपीवरून पॅकेटे पाठवणाऱ्या साध्या पद्धतीवर) चालणारा साराटोगा प्रोटोकॉल वापरला. पाठवणारा पूर्ण वेगाने पाठवत राहतो, घेणारा फक्त राहिलेले तुकडे मागतो.

याची चाचणी कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत होईल. दोन लिनक्स संगणक जोडा, नेटएमने (लिनक्समधल्या, नेटवर्क मुद्दाम संथ वा सदोष करणाऱ्या सुविधेने) एका दिशेचा वेग ९,६०० बिटवर आणा, थोडी पॅकेटे मुद्दाम गाळा. मोठी फाइल पाठवताना उपग्रह टप्प्याबाहेर जाऊन परत यावा तशी दहाव्या मिनिटाला केबल काढा, दीड तासाने पुन्हा लावा. फाइल राहिलेल्या तुकड्यापासून पुढे सरकते की पहिल्यापासून सुरू होते, ते आराखडा पक्का करण्याआधी तपासून घ्या.

— एक दूरसंचार अभियंता, दांडिया बाजार, बडोदे