सर, तुम्ही आधी चोविसावा क्रमांक दाखवलात

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. समोर उभी राहून आभार मानायला लागले तर तुम्ही "चल, वॉर्मअपला लाग" म्हणून विषय संपवता. शिवाय पुण्यात पहाटे स्केटची बॅग पाठीवर टाकून निघणाऱ्या मुलींनी आणि त्यांना गाडीवर मागे बसवून आणणाऱ्या आईबाबांनी हे वाचावं, असं मनापासून वाटतं.

मी तुमच्याकडे आले तेव्हा माझी सातवी संपत आली होती. आपल्याकडे मुलं पाचव्या-सहाव्या वर्षी सोसायटीच्या पार्किंगमध्ये क्वाडवर, म्हणजे दोन-दोन चाकांच्या जोडीच्या स्केटवर, उभी राहतात आणि माझ्या वयाची होईपर्यंत त्यांची जिल्हा, राज्य अशी स्पर्धांची सवय झालेली असते. तुमच्याआधी दोन ठिकाणी बाबांना सरळ सांगितलं होतं, "हिला उशीर झालाय, हौसेपुरतं शिकवू." तुम्ही "छे, कसला उशीर" असं गोड बोलला नाहीत. म्हणालात, "उशीर झालाय खरा. किती झालाय ते मोजू." मग मला दोन फेऱ्या मारायला लावल्या, घोटे आत कलतायत हे पाहिलंत आणि खिशातून ॲलन की काढून बुटांखालच्या, चाकं धरणाऱ्या दोन्ही फ्रेम जराशा आत सरकवल्यात. पाय एकदम सरळ पडायला लागले. माझे म्हणावे असे बूटही तेव्हा नव्हते. एका ताईचे जुने बूट तुम्ही मिळवून दिलेत आणि पैशांचा विषय बाबांना काढूच दिला नाहीत.

पण मला आभार मानायचेत ते मुख्यतः एरिन जॅक्सन या अमेरिकी स्पीड स्केटरबद्दल.

पावसाळ्यातली गोष्ट आहे. रिंक ओली, सिमेंटवर चाकं धरत नव्हती, म्हणून आपण बेसमेंटमध्ये ड्राय लँड, म्हणजे स्केटशिवायचा व्यायाम, करत होतो. मी शेवटच्या नंबरावर राहून राहून कंटाळले होते. तुम्ही सगळ्यांना बसवलंत आणि मोबाइलवर निकालाचा एक तक्ता उघडलात. प्योंगचांग, २०१८चं हिवाळी ऑलिंपिक, बर्फावरच्या स्पीड स्केटिंगची महिलांची ५०० मीटर. आम्ही वरून वाचायला लागलो. पहिली जपानची नाओ कोदाइरा, ३६.९४ सेकंद. तुम्ही बोट खाली खाली सरकवत नेलंत आणि चोविसाव्या नावावर थांबलात: एरिन जॅक्सन. पहिलीपेक्षा दोन सेकंदांहून जास्त मागे. स्प्रिंटमध्ये दोन सेकंद म्हणजे काय हे आम्हाला कळत होतं. "हिच्याबद्दल आज बोलू," म्हणालात.

ती फ्लोरिडातल्या ओकाला गावची. तिथेही पुण्यासारखंच, बर्फ दुर्मीळ आणि चाकं भरपूर. एरिन लहानपणापासून आपल्यासारखीच इनलाइनवाली, म्हणजे एका रांगेत चाकं असलेल्या स्केटवरची; रोलर डर्बी हा चाकांवरचा सांघिक खेळसुद्धा खेळलेली. फ्लोरिडा विद्यापीठातून मटेरियल सायन्समध्ये इंजिनिअर झाली. बर्फावर नीट सराव सुरू केला तो चोविसाव्या वर्षी, २०१७ मध्ये, आणि जेमतेम चार महिन्यांच्या सरावावर ती ऑलिंपिकच्या संघात आली. हे ऐकून आम्ही टाळ्या वाजवल्या, तर तुम्ही हात वर करून थांबवलंत. "संघात येणं चाकांच्या जोरावर झालं. चोविसावी आली ती बर्फामुळे. आता मधली चार वर्षं बघा."

ती चार वर्षं तुम्ही ज्या बारकाईने उलगडून दाखवलीत, ते मला आजही शब्दशः आठवतं. आपली डबल पुश, म्हणजे एकाच पावलात दोनदा जोर लावायची चाकांवरची पद्धत, बर्फावर कामाची नाही. तिथे पात्याच्या कडेवर तोल धरून घसरत राहायचं असतं, घाईघाईने पाय उचलला की वेग सांडतो. बर्फावरच्या क्लॅप स्केटची बिजागरी पुढे चवड्याखाली असते आणि टाच पात्यापासून सुटते, त्यामुळे पाय पूर्ण ताणला जाईपर्यंत पातं बर्फावरच राहतं. म्हणजे जोर लावायच्या शेवटच्या क्षणाची वेळ नव्याने शिकावी लागते. वळणाचंही तेच. ४०० मीटरच्या ट्रॅकवर ५०० मीटर धावताना एक वळण आतल्या लेनमधून आणि एक बाहेरच्या लेनमधून घ्यावं लागतं, दोन्हींचा झुकाव वेगळा. इतक्या वर्षांची चाकांची सवय मोडून तिने हे अंगात मुरवलं. २०२१च्या नोव्हेंबरमध्ये पोलंडमध्ये तिने विश्वचषकाची ५०० मीटरची शर्यत जिंकली, आणि २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकच्या आधी या अंतरात ती जगात पहिल्या क्रमांकावर होती.

मग जानेवारी २०२२, मिलवॉकी, अमेरिकेची निवड चाचणी. तिथे ती शर्यतीत अडखळली आणि तिसरी आली. ऑलिंपिकसाठी जागा दोनच. पहिली आलेल्या ब्रिटनी बोने स्वतःची जागा तिला दिली. बोसुद्धा ओकालाचीच, तीही इनलाइनमधून आलेली. ही गोष्ट मी नंतर खूप ठिकाणी वाचली आणि बहुतेकांनी ती मैत्रीची हळवी कहाणी म्हणून सांगितलीय. तुम्ही तशी सांगितली नाहीत. तुम्ही म्हणालात, ब्रिटनीला आकडे वाचता येत होते. एका शर्यतीत पाय अडखळला म्हणून वर्षभराचे टायमिंग खोटे होत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. मला हे जास्त पटतं. यात ब्रिटनीचा मोठेपणा कमी होत नाही, उलट तो नीट दिसतो. पुढे अमेरिकेला आणखी एक जागा मिळाली आणि बोही ५०० मीटर धावली. १००० मीटरमध्ये तर तिने ब्राँझ मिळवलं.

१३ फेब्रुवारी २०२२, बीजिंगची ५०० मीटरची शर्यत. एरिन ३७.०४ सेकंद, जपानची मिहो ताकागी ३७.१२. हिवाळी ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण जिंकणारी पहिली कृष्णवर्णीय महिला. या अंतरात अमेरिकेच्या महिलेला सुवर्ण मिळालं ते १९९४ मध्ये बॉनी ब्लेअरनंतर थेट तेव्हा. आठ शतांश सेकंद म्हणजे किती, असं कुणीतरी विचारलं, तर तुम्ही आमच्याकडूनच गणित करून घेतलंत आणि बेसमेंटच्या फरशीवर खडूने रेघ मारलीत. एक मीटरला किंचित जास्त. सगळ्यांनी त्या रेघेशेजारी उभं राहून पाहिलं. मी जरा जास्तच वेळ उभी राहिले असणार, कारण दुसऱ्या दिवशी तुम्ही माझी वेगळी वही सुरू केलीत. त्यात नंबर नव्हता, फक्त माझ्या फेरीचे सेकंद आणि शेजारी एकच शब्द: स्टार्ट, गुडघा, वळण.

सर, मी राज्य स्पर्धेपुढे गेले नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. पण माझा खेळ दहावीत सुटला नाही, बारावीत सुटला नाही. घरी "आता बास" सुरू झालं की मी आईसमोर वही उघडायचे आणि गेल्या महिन्यापेक्षा काय कमी झालंय ते दाखवायचे. आईलाही हळूहळू ते आकडे वाचायची गोडी लागली. मेटलर्जीला प्रवेश घेतला तेव्हा तुम्ही हसून म्हणालात, "चला, डिग्री तरी एरिनच्या जवळची." २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत आपल्या मुलामुलींनी रोलर स्केटिंगच्या ३००० मीटर रिलेत दोन ब्राँझ मिळवली आणि २०२५ मध्ये आनंदकुमार वेलकुमारने चीनमध्ये १००० मीटर स्प्रिंटचं जागतिक विजेतेपद आणलं. दोन्ही वेळा तुमचा ग्रुपवरचा मेसेज एकाच धाटणीचा होता: आधी टायमिंग, मग अभिनंदन.

एक गोष्ट मात्र तुम्ही तेव्हा सांगितली नव्हती, ती मी नंतर शोधली. एरिन, ब्रिटनी आणि त्याच गावचा स्केटर जोई मँटिया, तिघांनाही चाकांवर घडवणाऱ्या प्रशिक्षक एकच, रेने हिल्डेब्रँड. पदकांच्या तक्त्यात त्यांचं नाव येत नाही. ते वाचलं आणि हे पत्र लिहायचं ठरवलं. तुमचं नाव घालू का म्हणून विचारलं तर तुम्ही नाही म्हणालात, म्हणून नुसतं "सर" लिहिलंय. आपल्या रिंकवरच्या सगळ्यांना ते कोण हे कळेल.

छोट्या बॅचला तुम्हाला मदत हवीय असं कानावर आलं. सेमिस्टर संपलं की मी पहाटे येऊ शकते. फ्रेम सरकवायची कधी आणि किती, ते तेवढं मला नीट शिकवा.

काकूंना नमस्कार सांगा. स्पर्धेच्या दिवशी त्यांनी बांधून दिलेल्या गूळपोळ्यांचे आभार वेगळे मानायचेत, ते घरी येऊन मानते.

तुमची विद्यार्थिनी