पॉलिशवाल्या मिस्त्रींना

मिस्त्री, स. न. वि. वि.

रो-हाउसला खिडक्या फक्त पुढे आणि मागे. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. मधल्या जिन्यापाशी भर दुपारी दिवा लावावा लागतो. अशा घरात गडद लाकूड हवं हा हट्ट आमचा. त्याची गुहा झाली नाही ही तुमची करामत, म्हणून हे आभार चारचौघांत.

सगळ्यात मोठं ऋण त्या नमुन्याच्या तुकड्यांचं. कॅटलॉग बाजूला सारून, ज्या व्हीनियरचं, म्हणजे प्लायवर चिकटवलेल्या खऱ्या लाकडाच्या पातळ पापुद्र्याचं, काम होणार त्याच शीटमधून तुम्ही फूटभर तुकडे कापलेत आणि स्टेनवर (लाकडात मुरणाऱ्या रंगावर) सीलर, म्हणजे छिद्रं बुजवणारं अस्तर, आणि पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पारदर्शक पॉलिश, असे सगळे हात चढवूनच दाखवलेत. वरचा थर बसला की रंग गडद होतो. नुसता सुकलेला स्टेन बघून होकार देणारे इथेच फसतात. मग तो तुकडा जिन्यापाशी उभा धरायचा, सकाळी एकदा आणि रात्री एकदा. 6500 केल्विनच्या (केल्विन हे दिव्याच्या रंगछटेचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळसर) पांढऱ्या दिव्याखाली अक्रोड राखाडी, मेल्यासारखा दिसला. 3000 च्या दिव्याखाली तोच तुकडा तांबूस झाला, रेषा उठून आल्या. स्टेन बदलायचा नाही, दिवे बदलायचे, हे तिथेच ठरलं. सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं शंभरपैकी माप) 90 च्या वरचेच घ्या, ही ताकीदही तुमचीच.

घासकामाबद्दल तर वेगळं पत्र लिहावं लागेल. व्हीनियरचा वरचा पापुद्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर. मशीन कडेपाशी क्षणभर रेंगाळलं की खालचं प्लाय डोकावतं, आणि तो डाग कुठल्याच स्टेनने झाकला जात नाही. म्हणून कडा हाताने, लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून, रेषेच्या दिशेनेच. पेपर 150 नंबरचा, मग 180, मग 220 (नंबर मोठा तितका पेपर बारीक), आणि तिथे थांबायचं. त्याहून गुळगुळीत केलं तर स्टेन मुरत नाही, फिका राहतो. पायऱ्यांच्या टोकांना मात्र उलटा नियम. तिथे आडवा छेद उघडा असतो, तो स्पंजासारखा स्टेन पितो आणि काळा पडतो. ती टोकं 320 ने घासून, आधी पातळ सीलर देऊन मगच तुम्ही स्टेन लावलात. आज पायरीचा माथा आणि टोक एकाच रंगाचं आहे. पाहुण्यांच्या ते लक्षातही येत नाही, आणि येऊ नयेच.

जमीन आणि छत दोन्ही गडद करायचं आमच्या डोक्यात होतं. ‘एक काय ते निवडा,’ म्हणालात. जमीन निवडली. भिंतींसाठी पिवळसर झाक असलेला पांढरा सुचवलात. निळसर पांढरा अक्रोडाशेजारी दवाखान्यासारखा दिसला असता. पीयूही मॅटच, कारण गडद चकचकीत पृष्ठभागावर बोटांचे ठसे आणि धूळ सगळ्यात आधी दिसते. गडद पायऱ्यांची कड संध्याकाळी कळत नाही आणि पाय चुकतो, म्हणून प्रत्येक पायरीला फिकट लाकडाची पट्टी बसवलीत. ती आमच्या यादीत नव्हतीच.

घासताना उडालेली धूळ वरच्या मजल्यावरच्या कपाटांपर्यंत पोहोचली, तेवढी तक्रार नोंदवून ठेवतो.

तेलाच्या स्टेनच्या चिंध्या तुम्ही गोळा करून कधीच टाकल्या नाहीत, एकेक पसरून बाहेर वाळत घातल्यात. ढिगात त्या आपोआप तापून पेटतात, हे त्या दिवशी कळलं. उरलेल्या स्टेनची डबी माळ्यावर आहे. झाकणावर तुमच्या हातचं प्रमाण, अक्रोड चार, काळा एक, आणि खाली अधोरेखित केलेलं: ‘ओरखडा पडला तर आधी टेबलाच्या पोटाला लावून बघा.’ पाण्याने पुसायची मोलकरणीची सवय मोडली, आता पिळलेलं फडकं आणि लगेच कोरडं.

जिन्याखालचं कपाट अजून कच्चं आहे. व्हीनियरचं त्याच गठ्ठ्यातलं शीट राखून ठेवलंय. सवड झाली की या.

आपले,
रो-हाउसमधले सगळे