कोलोनहून मम्मी-पप्पांना

प्रिय मम्मी आणि पप्पा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

मी मजेत आहे. थंडी सुरू झाली, पण खोलीत हीटर आहे आणि मम्मीने दिलेला स्वेटर रोज घालते. हॉस्पिटलातल्या ड्युटीचं तुम्हाला ठाऊकच आहे, ते पुन्हा लिहीत नाही.

पप्पा, मागच्या फोनवर तुम्ही विचारलंत की जर्मनीत गेलेली मुलं चर्च सोडतात म्हणे, तुझं काय. तेव्हा मी चिडून बोलले. माफ करा. मी चर्च सोडलेलं नाही. रविवारी ड्युटी नसली की जाते, महिन्यातून दोनदा तरी होतं. ड्युटी लावणं माझ्या हातात नाही. उपासनेला वीस-बावीस माणसं असतात, त्यांत माझ्या वयाचं कोणी नसतं. पाळकबाई दारात उभ्या राहून एकेकाचा हात हातात घेतात. नगरला नाताळात आपल्याला बाहेर मांडव घालावा लागतो, हे इथे सांगितलं तर लोक नुसते हसतात, त्यांना खरं वाटत नाही.

पण इथे चर्च सोडणं म्हणजे काय, हे तुम्हाला नीट सांगते. मला स्वतःला ते कळायला वर्ष लागलं. आपल्याकडे एखाद्याने चर्च सोडलं म्हणजे तो यायचा बंद झाला, नाहीतर पंचांशी भांडून दुसऱ्या मंडळीत गेला. नाव रजिस्टरात राहतंच. इथे चर्च सोडायला कोर्टात जावं लागतं. खरंच कोर्टात.

त्याचं असं आहे. मी आल्या आल्या पत्ता नोंदवायला गेले, तेव्हा फॉर्मवर धर्माचा रकाना होता. मी अभिमानाने प्रोटेस्टंट लिहिलं. त्या महिन्यापासून पगारातून चर्चचा कर कापला जायला लागला. आपण कमाईचा दहावा भाग दशांश म्हणून देतो तसा कमाईवर नाही, इन्कम टॅक्सवर. टॅक्स जेवढा बसेल त्याच्या ९ टक्के. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या दोन राज्यांत ८. माझे महिन्याला ३६ युरो जातात, म्हणजे साडेतीन हजारांच्या आसपास. सरकारच तो कापतं आणि चर्चला पोचवतं. १९१९ च्या घटनेत चर्चचा हा हक्क लिहिला होता, १९४९ च्या घटनेतही तो तसाच ठेवला. उपासनेत दानाची पिशवी फिरते ती वेगळीच.

हा कर नको असेल तर चर्चमधून नाव काढायचं. त्यासाठी पाळकाकडे जायचं नसतं. आमच्या राज्यात कोर्टातल्या कारकुनासमोर ओळखपत्र दाखवायचं, ३० युरो भरायचे आणि सही करायची. का सोडता, असं कोणी विचारत नाही.

माझ्या वॉर्डातल्या एका नर्सने मला तिचा तो कागद दाखवला. एकच पान, खाली गोल शिक्का. नर्सिंगच्या सर्टिफिकेटांसोबत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला. तो जन्मभर जपायचा, कारण टॅक्सवाल्यांनी कधी विचारलं तर पुरावा लागतो. मी विचारलं, बाप्तिस्म्याचा दाखला कुठे आहे? म्हणाली, आईकडे असेल कुठेतरी. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच मला फार लागलं.

राग असलेलेही पुष्कळ आहेत आणि त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. २०१८ साली कॅथलिक चर्चनेच करून घेतलेला अभ्यास बाहेर आला. १९४६ ते २०१४ या काळात ३,६७७ मुलांवर अत्याचार झाल्याचं आणि १,६७० धर्मगुरूंवर आरोप असल्याचं त्यात निघालं. ते फक्त कागदोपत्री सापडलेले. २०२४ मध्ये आपल्या प्रोटेस्टंट चर्चचाही तसाच अहवाल आला. इथल्या कोर्टाला तर २०२१ मध्ये चर्च सोडणाऱ्यांसाठी महिन्याला द्यायच्या भेटीच्या वेळा १,००० वरून १,५०० कराव्या लागल्या. २०२२ या एका वर्षात ५ लाख २२ हजारांवर लोकांनी कॅथलिक चर्च सोडलं, प्रोटेस्टंट ३ लाख ८० हजारांच्या घरात. दोन्ही चर्चचे मिळून सभासद आता निम्म्या देशाहून कमी आहेत. आपल्याकडे मिशनरी पाठवणारे हे देश, पप्पा!

मागे वॉर्डातल्या मुली मला म्योन्शेनग्लाडबाखला घेऊन गेल्या. तिथे एका जुन्या चर्चमध्ये भिंतीवर चढायचा खेळ चालतो. भिंतींवर वरपर्यंत लाल-पिवळ्या खुंट्या, छतापासून दोर सोडलेले. मुली चढल्या. मी सगळ्यांची जॅकेटं मांडीवर घेऊन बसले आणि वेदी कुठे असेल ते शोधत राहिले. पाय वर घेऊन बसवेना. मम्मी, तुला हे सांगणार नव्हते.

पण सगळंच गेलं असं समजू नका. रविवारी दुकानं बंदच असतात. गुड फ्रायडेला नाचगाण्याच्या कार्यक्रमांना कायद्याने बंदी आहे. ११ नोव्हेंबरला सेंट मार्टिनच्या सणाला मुलं कंदील घेऊन निघतात, चर्चला न जाणाऱ्यांचीही. मी खिडकीतून बघत होते आणि आपल्या संडे स्कूलची आठवण येऊन रडू आलं. असू दे.

आता पैशांचं. या महिन्यात ३०० युरो पाठवले आहेत. त्यातून आधी पत्र्यांचं काम करा, दादाच्या हप्त्याचं पुढच्या महिन्यात बघते. आणि एक खरं सांगते. पावसाळ्यात घर गळत होतं तेव्हा ३६ युरो वाचवावेत म्हणून मीही कोर्टाची वेळ घेतली होती. आदल्या रात्री रद्द केली. आजीने माझा बाप्तिस्म्याचा फ्रॉक अजून ट्रंकेत ठेवलाय, तो डोळ्यांसमोर आला.

नाताळला मी येत नाही, सुट्टी मिळाली नाही. ईस्टरला येईन, आणि एकटी येणार नाही. तो इथलाच आहे, फिजिओथेरपिस्ट. पहिला पगार झाला तेव्हाच त्याने चर्च सोडलं. माणूस चांगला आहे, दारू पीत नाही, माझ्या नाइटला डबा आणून देतो. पाळकबाई म्हणाल्या, दोघांपैकी एक सभासद असला तरी चर्चमध्ये लग्न लावता येईल. म्हणजे मी आहे म्हणून. मी त्याला काही कबूल केलेलं नाही, तुम्हाला विचारल्याशिवाय करणारही नाही.

पप्पा, लगेच फोन करू नका. आधी मम्मीशी बोला. आणि मम्मी, आजीचं गीतांचं पुस्तक कोणी इकडे येणारं असेल त्याच्याबरोबर पाठव. कव्हर फाटलं असलं तरी चालेल.

तुमची लेक